सतराव्या पर्वाशी थांबलेलं प्रवचन

बारामती-इंदापूर भागात माणूस गेला की दहाव्याला प्रवचन असतंच. नदीच्या घाटावर, नदी लांब असेल तर कालव्याच्या कडेला, सकाळी लवकर माणसं जमतात. आधी कुणीतरी महाराज तासभर बोलतात, मग श्रद्धांजलीची भाषणं, मग पिंड आणि कावळ्याची वाट. घरच्या बायका एका बाजूला पदर तोंडाशी धरून बसलेल्या असतात. बोलणारा माणूस त्यांच्यापासून फार तर वीस हातांवर उभा असतो.

मी शाळेत मराठी शिकवायचो. गळ्यात माळ होती, वारी होती, पाठांतर बरं होतं, म्हणून आसपासच्या गावांतून मला बोलवायला लागले. पाकीट घेत नसे, त्यामुळे गरिबाघरची बोलावणी जास्त यायची. लोक मान द्यायचे आणि तो मला आवडायचा. त्यातल्या एका प्रवचनाबद्दल आज लिहितो आहे. त्या दिवशी एका घराचं नुकसान माझ्या तोंडून झालं. नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी ते अजून पुरतं भरून आलेलं नाही.

नीरेकाठचं गाव. गेलेला मुलगा तिशीतला होता. बापामागे त्यानं डाळिंबाची बाग उभी केली. पहिले बहार चांगले गेले, मग तेल्या आला. डाळिंब करणाऱ्याला तेल्या काय ते सांगावं लागत नाही. फळावर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकतं आणि पाऊस असेल तर हां हां म्हणता सगळी बाग जाते. सोसायटीचं कर्ज होतं, वर हातउसने, आणि त्याच्याही वर व्याजानं घेतलेले. एका रात्री त्यानं औषध घेतलं. मागे बायको, पाचवीतला मुलगा आणि आई. आई आमच्याच दिंडीतली. आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. दिंडीत स्वयंपाकाच्या भांड्यांवर तिचं लक्ष असे आणि कुणी आजारी पडलं तर पहिली हाक तिला जाई.

प्रवचनाच्या आदल्या संध्याकाळी गावातली चार जुनी माणसं मला भेटायला आली. शेजारच्या गावातही तसंच एक झालं होतं. त्यांना काळजी होती. म्हणाली, "सर, पोरांना जरा धाक बसंल असं बोला. रोज उठून हेच व्हायला लागलं तर गावं कशी राहायची?" मला ते पटलं. आज मागे पाहताना हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या मनात त्या मुलाबद्दल राग नव्हता, त्या घराबद्दल आकस नव्हता. मी भल्यासाठीच बोलायला उभा राहिलो होतो. ज्याला धाक बसायला हवा होता असा कुणी त्या घाटावर असलाच तर तो गप्प बसलेला असणार आणि माझं बोलणं ऐकून आणखी गप्प होणार, एवढा साधा विचारही मला सुचला नाही.

मी महाभारताचं सतरावं पर्व घेतलं, महाप्रस्थानिक. पांडव राज्य सोडून हिमालयाकडे निघतात, मागून एक कुत्रा चालत असतो. वाटेत आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम विचारतो की हा का पडला, आणि धर्मराज एकेकाचा दोष सांगतो. द्रौपदीचा अर्जुनाकडे जास्त ओढा होता, सहदेवाला ज्ञानाचा गर्व, नकुलाला रूपाचा, अर्जुनाला पराक्रमाची बढाई, भीमाला खाण्याचा हव्यास आणि बळाचा गर्व. सांगतो आणि मागे न पाहता पुढे चालतो. हा भाग मी रंगवून सांगायचो. त्या दिवशीही रंगवला. मग म्हणालो की ज्याचं त्याचं कर्म ज्याच्या त्याच्याबरोबर, धर्मानं बायकोसाठी पाय थांबवला नाही की भावासाठी. देह ही देवाची ठेव आहे, ती मोडणाऱ्याला गती नाही, त्याच्यासाठी वैकुंठाचं दार उघडत नाही.

आक्का उठून उभी राहिली. बायकांनी तिला खाली ओढायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "महाराज, मंग मी कुठं जायचं? मी वारी केली, एकादशा केल्या. मी वैकुंठात आन् माझं लेकरू तिथं न्हाई, असं व्हनार का? तिथं मला घास कसा उतरंल?"

त्या क्षणी मी काही बोललो नसतो तरी चाललं असतं. खाली उतरून तिच्यापाशी बसलो असतो तर फारच बरं झालं असतं. पण समोर दोनेकशे माणसं होती, प्रवचन चाललं होतं आणि मला प्रश्नाचं उत्तर देता येतं हे दाखवायची सवय होती. मी म्हणालो, "आक्का, तिथं गेल्यावर ही माया उरत नाही. लेकरू कोण, आई कोण, हे सगळं इथंच सुटतं." वाक्य शास्त्राला धरून होतं. पोर जाऊन दहा दिवस झालेल्या आईला मी एवढंच सांगितलं की तुझं पोर तुला आठवणार नाही, म्हणून तू सुखी होशील. ती खाली बसली. मी प्रवचन पुरं केलं, पसायदान म्हटलं. नंतर पुष्कळांनी येऊन चांगलं झालं म्हणून सांगितलं.

त्या आषाढात आक्का वारीला आली नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते, तिथून सराटीला नीरेत पादुकांना स्नान होतं आणि मग पालखी नदी ओलांडून अकलूजकडे जाते. वारीला न जाणाऱ्या बायकाही सराटीपर्यंत जातातच. आक्का तिथंही नव्हती. तिनं माळ काढून देवळीत ठेवल्याचं कळलं. मी म्हणालो, दुःख ताजं आहे, येईल.

दुसरी गोष्ट कळली ती शाळेत. पाचवीतला तिचा नातू आमच्याच शाळेत होता. तो येईनासा झाला. वर्गशिक्षिकेनं घरी जाऊन चौकशी केली तेव्हा बाहेर आलं की मुलं त्याला म्हणत होती, तुझ्या बापाला गती नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या तोंडी 'गती' हा शब्द आपोआप येत नाही. तो त्यांनी घरी ऐकला होता, आणि घरच्यांनी घाटावर माझ्याकडून. त्याला मामाच्या गावच्या शाळेत घातलं. त्याच्या आईलाही माहेरी जावं लागलं, आणि आक्का त्या घरात एकटी राहिली. कर्जाचं काय व्हायचं ते होतंच, पण घर फुटलं ते कर्जानं नव्हे.

हे कळल्यावरही मी लगेच गेलो नाही. लाज होती, आणि त्याहून मोठी अडचण अशी की मी चूक बोललो असं मला तेव्हा वाटत नव्हतं. बोलण्याची वेळ चुकली, एवढंच मी कबूल करत होतो. सिद्धांत बरोबर होता अशी माझी खात्री होती.

ती खात्री मोडली मोरोपंतांनी. मोरोपंत आमच्या भागाचे. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले, पुढे बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीत आले, कऱ्हेकाठी पुराण सांगत राहिले आणि १७९४ साली बारामतीतच वारले. सगळंच्या सगळं महाभारत त्यांनी आर्या वृत्तात मराठीत आणलं. शाळेत त्यांच्यावर बोलायचं होतं म्हणून मी आर्याभारत काढलं आणि आळसानं शेवटून चाळायला घेतलं, कारण शेवटची पर्वं लहान आहेत. संशोधित आवृत्तीत सतराव्या पर्वाचे तीनच अध्याय आहेत आणि अठराव्याचे पाच. आर्या अवघड वाटल्या तिथं मूळ संस्कृत आणि मराठी भाषांतर शेजारी ठेवलं. इतकी वर्षं मी महाभारतावर बोलत होतो आणि अठरावं पर्व, स्वर्गारोहण, मी कधी नीट वाचलेलंच नव्हतं. 'धर्मराज सदेह स्वर्गाला गेला' एवढ्यावर माझं महाभारत संपत होतं.

तिथं तर पुढेच खरी गोष्ट आहे. धर्मराज स्वर्गात पोचतो आणि त्याला पहिला दिसतो तो दुर्योधन, तेजानं झळकत आसनावर बसलेला. भाऊ नाहीत, द्रौपदी नाही, कर्ण नाही. नारद समजावतो की इथे वैर उरत नाही. धर्मराजाला ते पटत नाही. तो सांगतो की माझी माणसं जिथे आहेत तिथे मला न्या, मला तोच स्वर्ग. मग देवदूत त्याला घेऊन जातो. वाट अंधाराची, चिखलाची, कुजलेल्या देहांची. घाण सहन होईना म्हणून तो परत फिरतो, तेव्हा अंधारातून आवाज येतात की जाऊ नकोस, तू आहेस तोवर तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्यानं आम्हाला बरं वाटतं आहे. तो विचारतो, कोण तुम्ही? आवाज नावं सांगतात. कर्ण, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव, द्रौपदी.

जो माणूस सतराव्या पर्वात एकेकाचा दोष सांगून मागे न पाहता गेला, तोच अठराव्यात नरकात थांबतो. देवदूताला सांगतो, तू जा, तुझ्या मालकांना सांग की मी इथेच राहणार. माझ्यामुळे यांना बरं वाटत असेल तर मला परत यायचं नाही. धर्माला आणि देवांना तो दोष देतो. त्यानंतर इंद्र येतो, अंधार सरतो आणि कळतं की नरकाचं ते दर्शन माया होती. द्रोणांना अश्वत्थाम्याविषयी फसवून सांगितलं त्याचं ते फळ होतं.

काही जाणकार म्हणतात, शेवटी ती माया होती, म्हणजे प्रश्न सुटला. मला तसं वाटत नाही. थांबायचं ठरवलं तेव्हा धर्मराजाला ती माया आहे हे ठाऊक नव्हतं. कायमचा नरक समजूनच त्यानं तो पत्करला, आणि त्यासाठी त्याला कुणी चूक ठरवलं नाही. आपल्या माणसांवाचून स्वर्ग नको, हे म्हणणाऱ्याला महाभारतात धर्म म्हणतात. आक्का घाटावर उभी राहून तेच म्हणाली होती. मी तिला मायेत अडकलेली बाई ठरवून खाली बसवलं होतं.

मग मी बाकीचंही पाहायला लागलो. मनुस्मृतीत आपला जीव घेणाऱ्याला उदकक्रिया नाही असं आहे खरं. पण पुढच्या शास्त्रकारांनी अशाच मरणासाठी नारायणबळी सांगितला. दार बंद असल्याचं लिहिलं गेलं आणि त्याच परंपरेनं ते उघडायचा विधीही लिहिला. कुठल्या तरी आईबापांनी विचारल्याशिवाय हे झालं नसेल असं माझं मन सांगतं. कॅथलिक ख्रिस्ती मंडळींत बाप्तिस्म्याआधी गेलेल्या तान्ह्या मुलांना स्वर्ग नाही, त्यांची जागा वेगळी, असं शतकानुशतकं समजावलं जाई. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगानं त्या मुलांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे असं लिहून दिलं. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तर जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायला सांगितलं. सरकारी कायदा त्या मुलाकडे ज्या नजरेनं पाहू शकत होता, ती नजर हरिपाठ म्हणणाऱ्या माझ्याकडे नव्हती.

शेवटी मी आक्काकडे गेलो. दुपारची वेळ होती, ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. पाणी दिलं, चहा ठेवला. मी म्हणालो, "आक्का, त्या दिवशी मी चुकीचं बोललो." मग अठरावं पर्व सांगितलं, अवघड शब्द टाळून, जसं आहे तसं. तिनं हात थांबवून ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "मंग त्या दिवशी का न्हाई सांगितलं?"

मी म्हणालो, "वाचलं नव्हतं."

ती काही बोलली नाही. शेंगा पुन्हा हातात घेतल्या. थोड्या वेळानं विचारलं, "त्यो दुर्योधन खरंच तिथं व्हता?" मी हो म्हणालो. ती बराच वेळ विचार करत होती. ज्यानं व्याजासाठी तिच्या मुलाला भर बाजारात अडवून अपमान केला होता, तो माणूस तिच्या डोळ्यांसमोर असणार हे मला कळलं. मग म्हणाली, "त्यो बी असू दे. पण माझं पोरगं पायजे."

मोठमोठ्या टीकाकारांना दुर्योधनाच्या स्वर्गाचं कोडं पडलेलं आहे. स्वर्गात आपली माणसं हवीत, तर दुसऱ्यांचीही येणार. त्यांच्यात आपला वैरीही कुणाचं तरी लेकरू म्हणून येणार. आक्कानं ते ओट्यावर बसून मान्य केलं. मला ते अजून पुरतं जमलेलं नाही.

निघताना ती म्हणाली, "नरसिंहपूरला परल्हादानं बापासाठी मागितलं व्हतं ना? माझी आई सांगायची." इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा आणि भीमा मिळतात तिथं नीरा नरसिंहपूर आहे. तिथली वाळूची मूर्ती प्रल्हादानं केली असं मानतात, आणि आमच्याकडच्या कितीतरी घरांचं ते कुलदैवत. भागवताच्या सातव्या स्कंधात ती कथा आहे. नरसिंह वर माग म्हणतो तेव्हा प्रल्हाद स्वतःसाठी काही मागत नाही. ह्या दीन माणसांना टाकून मला एकट्याला मुक्ती नको, असं तो आधीच म्हणून चुकलेला असतो. मग तो बापाला पापातून सोडवायला सांगतो. ज्यानं त्याला कड्यावरून लोटलं, विष दिलं, आगीत घातलं, तो बाप. नरसिंह म्हणतो, तुझा बाप एकवीस पिढ्यांसह शुद्ध झाला, आता त्याचं प्रेतकर्म कर. म्हणजे कुळदेवाच्या कथेतच दहावा आहे, आणि त्या दहाव्याला देवानं काय सांगितलं तेही आहे. ते आक्काच्या आईला ठाऊक होतं. मी नरसिंहपूरला जाऊन संगमात हातपाय धुऊन, दर्शन घेऊन परत यायचो.

आक्का पुन्हा वारीला आली का, असं लोक विचारतात. एकदा सराटीपर्यंत आली होती. माळ घातलेली नव्हती. सून आणि नातू त्या घरात राहायला परत आले नाहीत. नातू शिकला, पुण्यात नोकरीला लागला. मी त्याला एकदा भेटून बोललो. त्यानं नीट ऐकून घेतलं, पाया पडला आणि गेला. त्याच्या मनात काय आहे ते त्यानं सांगितलं नाही. सांगावं असा माझा हक्कही नाही.

मी प्रवचनं सोडली नाहीत. सोडावीत असं काही दिवस वाटलं, पण मग माझी जागा घेणारा पुन्हा सतरावंच पर्व सांगेल असं दिसत होतं. आता अशा दहाव्याला मी बोलण्याआधी घरच्या बायकांपाशी जाऊन बसतो, गेलेला माणूस कसा होता ते विचारतो, आणि तेच बोलतो. तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा जिजाई मागे राहिली, नारायण तिच्या पोटात होता. बापाला कधी न पाहिलेल्या त्या मुलानं १६८५ साली बापाच्या पादुका पालखीत घालून पंढरीची वाट धरली, हे सांगतो. ज्या घरात पोरकं लेकरू आहे तिथं हे सांगताना आवाज स्थिर ठेवावा लागतो. तरुण पोरांसाठी धाकाचं एक अक्षर बोलत नाही. त्यांना सांगतो की कर्ज, बाग, घरातलं भांडण, काहीही असो, रात्री-अपरात्री माझं दार वाजवा. मला सांगायचं नसेल तर सरकारचा टेलिमानस क्रमांक १४४१६ आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक घाटावर सांगतो म्हणून काही मंडळी नाराज होतात. होऊ देत.

दहाव्याला बोलायला उभ्या राहणाऱ्या सगळ्यांना, वयानं लहान असोत की मोठे, माझी हात जोडून विनंती आहे. महाभारत सांगणार असाल तर अठरावं पर्व आधी वाचून या. आणि समोरच्या बायकांतून कुणी उठून काही विचारलं, तर प्रवचन तिथंच थांबवा आणि तिच्याजवळ जाऊन बसा.